गोडीची गोळी: भीती किती, खरं किती?



शुगर असलेल्या आपल्या काही जणी चहात साखरेऐवजी छोटी गोळी टाकतात. तिकडे मोबाईलवर मेसेज फिरतो, "या गोळीने कॅन्सर होतो!" मग फेकायचं काय, गोळी की मेसेज? या पाठात हेच समजून घेऊ.

अशा अनेक गोळ्यांत ॲस्पार्टेम असतं. ते साखरेपेक्षा सुमारे २०० पट गोड असतं, म्हणून अगदी थोडं पुरतं.

वाद कसा सुरू झाला?
१९६५ साली अमेरिकेत सर्ल या औषध कंपनीत याचा शोध लागला. १९७४ मध्ये तिथल्या सरकारी अन्न-औषध विभागाने परवानगी दिली. एका शास्त्रज्ञाने आणि एका वकिलाने हरकत घेतली. कंपनीच्या चाचण्यांवरही शंका आली, आणि परवानगी थांबली. १९८० मध्ये चौकशी मंडळ म्हणालं, मेंदूच्या गाठींबद्दल आणखी तपासणी करा, तोवर परवानगी नको. तरी १९८१ मध्ये विभागाच्या नव्या प्रमुखांनी ती दिली. संशय राहिला तो तेव्हापासून.

२०२३ मध्ये काय झालं?
जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही याच गटात आहे. हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. इथे पुरावा अपुरा आहे. तंबाखू मात्र पक्क्या पुराव्याच्या पहिल्या गटात आहे. म्हणजे गोळीला घाबरायचं आणि मिश्री लावायची, हे काही बरोबर नाही!

त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली: रोज, वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम.

हिशोब करू या
५० किलोची बाई: ५० × ४० = २००० मिलिग्रॅम.
१५ किलोचं मूल: १५ × ४० = ६०० मिलिग्रॅम.
डाएट कोल्ड्रिंकच्या एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम असू शकतं. म्हणजे बाईची मर्यादा ७ ते १० कॅनला येते, पण मुलाची दोन-तीन कॅनलाच! म्हणून मुलांना हे देऊच नका.

लक्षात ठेवा
१. पाकिटावर ॲस्पार्टेम हे नाव किंवा ९५१ हा क्रमांक शोधा.
२. फेनिलकीटोनयुरिया हा जन्मजात, दुर्मीळ आजार असलेल्यांना हे चालत नाही. तशी सूचना पाकिटावर असते.
३. 'शुगर फ्री' बिस्किटातही मैदा असू शकतो. त्याने रक्तातली साखर वाढते.
४. वजन कमी करायला अशा गोडीचा आधार घेऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारावं.
५. मेसेज वाचून शुगरचं औषध कधीच बंद करू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे चहातली गोडीच हळूहळू कमी करायची. जिभेला सवय होते.

बैठकीत करा: प्रत्येकीने घरातलं एक रिकामं पाकीट आणा. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. आपलं मूल काय खातंय, ते सगळ्या मिळून बघा.