किल्ली परत देण्याआधी

रत्नागिरी,
१८ जानेवारी २०२६

चि. चिन्मय यास,


एप्रिलअखेर तू कायमचा परत येतोस हे दादाकडून कळलं, मग काल तुझा फोनही आला. आनंद झालाच. पण घराबद्दल तू जे बोललास ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते आहे. शेवटचे तीन महिने भाडं भरायचं नाही, अनामतीतून ते वळतं होईल, आणि एकदा विमानात बसलास की मागे कोण येतंय, असं तुला तिथल्या मित्राने सुचवलं. तू तसं करणार आहेस असं म्हणाला नाहीस, पण करणार नाही असंही म्हणाला नाहीस.

तसं करू नकोस. अनामत भाड्यापोटी वळती करून घ्यायचा अधिकार जर्मनीत भाडेकरूला नाही. ती घराच्या नुकसानीची आणि मागाहून येणाऱ्या बिलांची हमी असते. सलग दोन महिन्यांचं भाडं थकलं की मालक मुदत न देता करार मोडू शकतो, आणि नोकरीचे शेवटचे दिवस घराचं भांडण काढण्यात घालवायचे नसतात. पण कायदा बाजूला ठेव. तुला ते घर कसं मिळालं ते आठव. श्टुटगार्टमध्ये एका घरामागे किती अर्ज पडतात हे तू पाहिलं आहेस. नव्याने आलेल्या परदेशी मुलाकडे ना पत-नोंद, ना आधीच्या मालकाची चिठ्ठी. तुझ्या आधी तिथे राहणाऱ्या कोल्हापूरच्या जोडप्याने घर स्वच्छ करून, हिशेब चुकते करून सोडलं आणि घरमालकीण आजींपाशी तुझ्यासाठी शब्द टाकला, म्हणून तुला किल्ली मिळाली. तू भाडं बुडवून आलास तर तुझ्या मागे कोणी येणार नाही, हे खरं. पण तुझ्यानंतर पुण्याहून किंवा नगरहून येणाऱ्या मुलाला आजी दारातूनच परत पाठवतील आणि त्याला कारणही कळणार नाही. मला हे मनापासून लागतं, कारण आम्ही तिथे राहिलो तेव्हा आमचं नावगाव कोणाला ठाऊक नसताना लोकांनी आम्हाला घर दिलं होतं.

आता कामाचं. तुला ३० एप्रिलला घर सोडायचं असेल तर सूचनेचं पत्र आजींच्या हातात ४ फेब्रुवारीपर्यंत पडायला हवं. तिथे तीन महिन्यांची मुदत म्हणतात, पण महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पत्र पोचलं तर तो महिना धरला जातो. यंदा १ फेब्रुवारी रविवार, म्हणून तिसरा दिवस बुधवार, ४ तारीख. एक दिवस चुकला की एक महिन्याचं भाडं जास्त. आणि पत्र म्हणजे कागद, त्यावर तुझी शाईची सही. ईमेल, व्हॉट्सॲप, सही स्कॅन करून पाठवलेली फाइल, यातलं काहीही कायद्याने चालत नाही. आजी तुझ्याशी कितीही गोड बोलत असल्या आणि 'मला तोंडी सांगितलंस, पुरे' म्हणाल्या, तरी कागद दे. घरी जाऊन दे, दुसऱ्या प्रतीवर मिळाल्याची सही आणि तारीख घे, आणि शक्य असेल तर सोबत कोणाला तरी ने. करार तुझ्या आणि तुझ्या जोडीदार मित्राच्या अशा दोघांच्या नावावर असेल तर दोघांचीही सही लागेल. मित्र आधीच म्युनिकला गेला आहे म्हणालास ना? मग त्याच्यासाठी टपालाचे दिवस धरून कामाला लाग.

आपल्याकडचे लोक कागदाला का बिचकतात ते मला कळतं. कागद मागितला की विश्वास नाही असा अर्थ लावतात. इथेसुद्धा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे असं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो, तरी ओळखीत दिलेली किती घरं नुसत्या शब्दावर चालतात! आणि मग ओळखच तुटते. कागदामुळे दोन माणसांचं नातं भांडणाच्या तावडीतून सुटतं, असा माझा अनुभव आहे.

कागद नसला की काय होतं ते बघ. तुला लहानपणी थिबा पॅलेसच्या गच्चीवरून खाडी दाखवली होती, पण ब्रह्मदेशाच्या त्या थिबा राजाचं घर सुटलं कसं ते बहुधा सांगितलं नव्हतं. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रज मंडालेत शिरले आणि काही तासांत राजा-राणीला राजवाडा सोडावा लागला. २९ नोव्हेंबरला त्यांना बोटीवर चढवलं, आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. पुढची तीस वर्षं राजा इथेच होता. सुरुवातीला दुसऱ्यांच्या बंगल्यांत, आणि सरकारने बांधलेला पॅलेस पुरा झाल्यावर १९१० पासून तिथे. मंडालेच्या त्या गडबडीत न्गा मौक नावाचं ब्रह्मदेशाच्या राजघराण्याचं प्रसिद्ध माणिक नाहीसं झालं. आपण ते सांभाळायला म्हणून कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे दिलं होतं, हे राजाचं म्हणणं अखेरपर्यंत कायम राहिलं. त्याने सरकारकडे विचारणा केली. पण हातात पावती नव्हती, आणि स्लेडन १८९० साली वारले. माणिक आजतागायत सापडलेलं नाही. राजा डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला. राणी सुपयालतला त्याचा देह मायदेशी न्यायचा होता, ते तिला मिळालं नाही. १९१९ साली कुटुंब ब्रह्मदेशी परतलं तेव्हा राजाची समाधी रत्नागिरीतच राहिली.

त्या माणसाला घर आवरायला वेळच दिला गेला नाही. आपल्या जिल्ह्यातल्या कुवेतला गेलेल्या माणसांनाही ऑगस्ट १९९० मध्ये तो मिळाला नाही. इराकी फौजा शिरल्या आणि लोक घरातलं सगळं आहे तसं टाकून अम्मानच्या वाटेला लागले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना तेव्हा विमानांनी परत आणलं. कितीजणांचे पगार, अनामती, भांडीकुंडी, मुलांचे शाळेचे दाखले तिकडेच अडकले. तुझ्या हातात मात्र साडेतीन महिने आहेत, आणि पावती मागितली तर देणारी माणसं आहेत. म्हणून मी एवढी मागे लागते आहे.

ताबा देण्याच्या दिवशी जो कागद करतात, ज्याला ते युबरगाबेप्रोटोकोल म्हणतात, तो तुझी पावती. त्यात प्रत्येक खोलीची स्थिती, वीज, पाणी आणि हीटिंगच्या मीटरचे क्रमांक आणि आकडे, किती किल्ल्या दिल्या, तारीख, आणि दोघांच्या सह्या. तळघराची आणि टपालपेटीचीही किल्ली मोज. मीटरचे फोटो काढ, रिकाम्या खोल्यांचे दिवसाउजेडी काढ. राहायला आलास तेव्हाचा असाच कागद तुझ्याकडे असेल, तो आत्ताच शोधून ठेव. न्हाणीघराच्या फरशीतली चीर आधीपासूनची होती हे तोच सांगेल. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: जे पटत नाही किंवा नीट कळत नाही त्यावर सही करायची सक्ती नसते. 'भाडेकरू भिंती रंगवून देईल' असं एक वाक्य घाईत मान्य केलंस तर ते तुझ्यावर बंधनकारक ठरू शकतं. ऑफिसातल्या कोणा जर्मन मित्राला तासभर सोबत बोलाव. ३० एप्रिल गुरुवार आहे आणि दुसऱ्या दिवशी कामगार दिनाची सुट्टी, तेव्हा भेटीची वेळ मार्चमध्येच ठरव.

रंगाचं विचारत होतास. करारात लिहिलं आहे म्हणून सगळं घर रंगवायलाच हवं असं नाही. घर तुला न रंगवता दिलं असेल आणि त्याबद्दल काही सवलतही दिली नसेल, तर रंगकाम भाडेकरूवर टाकणारं कलम टिकत नाही, असा तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा मार्च २०१५ चा निकाल आहे. पण दिवाळीला तू बैठकीची एक भिंत गर्द केशरी केलीस त्याचा फोटो मी पाहिला आहे. ती पांढरी करून दे. याच न्यायालयाने २०१३ साली लाल, पिवळ्या, निळ्या भिंती तशाच सोडून गेलेल्या भाडेकरूंना नुकसानभरपाईला जबाबदार धरलं होतं. एका शनिवारचं काम आहे, आणि खाली प्लास्टिक अंथरायला विसरू नकोस. चित्रांसाठी, फळ्यांसाठी पाडलेली बेताची भोकं चालतात, पण पुट्टीने बुजव.

स्वयंपाकघराबद्दल मात्र मी कायद्यापेक्षा कडक आहे. रोजची फोडणी जिथे पडते तिथे तेलाचा पातळ थर बसतो. आपल्याला तो दिसत नाही, पण नवीन माणसाला दारातच वास येतो. शेगडीवरच्या पंख्याची जाळी काढून गरम पाणी आणि सोड्यात भिजत घाल, कपाटांच्या वरच्या बाजूवरून हात फिरव. फ्रिजचे प्लास्टिकचे कप्पे हळदीने पिवळे झाले असतील. ते धुऊन खिडकीतल्या उन्हात ठेव, हळदीचा रंग उन्हाने उडतो. न्हाणीघरातल्या नळांवरचा पांढरा क्षार व्हिनेगरने जातो. कुकरच्या वाफा आणि घरात वाळत घातलेले कपडे यांनी निजायच्या खोलीतल्या कपाटामागे बुरशी धरली असेल, तर कपाट आत्ताच ओढून बघ. असेल तर लपवू नकोस, आजींना आजच सांग. त्या रागावतील, पण एप्रिलमध्ये त्यांनी ती स्वतः शोधून काढण्यापेक्षा हे बरं.

आणि केरवोखे! ज्या आठवड्यात आपल्या दारावर पाटी लटकते त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. ती शेवटची पाळी चुकवायची नाही, मग घरात पेट्यांचा डोंगर का असेना. त्या भागात माणसाची परीक्षा जिन्यावर होते. शेजारी तुला वर्षानुवर्षं 'ग्र्युस गॉट' म्हणत आले आहेत. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाच्या दारावर जाऊन निरोप घे.

अनामतीचं थोडं समजून घे, नाहीतर उगाच चिडशील. ती जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असते, आणि मालकाने ती स्वतःच्या पैशांत न मिसळता व्याजाने ठेवायची असते. परत कधी द्यायची याचा ठराविक दिवस कायद्यात नाही. घर तपासायला मालकाला काही महिने मिळतात. पाणी, हीटिंग, कचरा यांचा वार्षिक हिशेब यायचा असतो म्हणून थोडी रक्कम ते त्यानंतरही मागे ठेवू शकतात. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरत असतील तर २०२६ चा हिशेब द्यायला आजींना ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत आहे. म्हणून तिथलं बँकेचं खातं घाईने बंद करू नकोस. बँकेला भारताचा पत्ता कळव आणि खाते क्रमांक ताब्याच्या कागदातच लिहून दे. पत्रं घ्यायला एक विश्वासाचा पत्ताही दे. परत येणारी पुष्कळ मुलं नेमकी इथेच फसतात. खातं बंद, फोन बंद, आणि मग मालकाच्या नावाने बोटं मोडतात.

वीज आणि इंटरनेट घरासोबत आपोआप बंद होत नाहीत, त्यांना वेगळं लिहावं लागतं. नगरपालिकेत नाव कमी करणं, म्हणजे आबमेल्डुंग, घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधी किंवा नंतर दोन आठवड्यांत करायचं. तू १ मेच्या रात्रीच निघणार, म्हणून आधीच्या आठवड्यातच कर. तो दाखला जपून ठेव. रेडिओ-दूरदर्शनची दरमहा १८.३६ युरोची वर्गणी त्याच्याशिवाय बंद होणार नाही. आजींकडून भाडं थकलेलं नसल्याची चिठ्ठीही मागून घे. उद्या पुन्हा कुठल्या देशात घर शोधायची वेळ आली तर ती उपयोगी पडेल.

सामानाबद्दल कमीच लिहिते, कारण ते तुझी आई लिहीलच. ओटा-कपाटं तू आधीच्या जोडप्याकडून विकत घेतली होतीस. नवा भाडेकरू घेणार असेल तर त्याच्याकडून आज त्यांची जी किंमत असेल तीच घे, अडलेला आहे म्हणून वाढवू नकोस, आणि व्यवहार लेखी कर. जुना सोफा फुटपाथवर ठेवून येऊ नकोस, मोठ्या कचऱ्यासाठी पालिकेकडे आधी नोंद करावी लागते. देवघरातली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण हातातल्या बॅगेत आण. तुळस आणता येणार नाही, ती रोज पाणी घालेल अशा माणसाला दे.

शेजारी नव्याने आलेलं नाशिकचं जोडपं घर शोधतं आहे असं तू म्हणाला होतास. आजींना सूचनेचं पत्र देशील त्याच दिवशी त्यांचं नाव सुचव. निवड आजींचीच, पण ओळख करून देणं तुझ्या हातात आहे.

पत्राचा मसुदा जर्मनमध्ये करून मला २५ तारखेच्या आत पाठव. माझं जर्मन आता गंजलं आहे, पण तारखा आणि नावं तपासण्याइतकं शाबूत आहे. थंडीत टोपी घालत जा. तुझ्या काकांचा आशीर्वाद.

तुझी,
आत्या