केस गळतात? आधी तीन महिने मागे बघा

मैत्रिणींनो, बैठकीत हप्ता, व्याज, कर्ज सगळं बोलून होतं आणि उठता उठता कुणीतरी हळूच विचारतं, "ताई, केस फार गळायला लागलेत, कोणतं तेल लावू?" म्हणून या अंकात हाच विषय घेतला आहे. तेलाचं नंतर बघू.

रोज ५० ते १०० केस गळणं हे सगळ्यांचंच असतं. त्याहून जास्त गळतात असं वाटलं तर घरीच बघता येतं. केस न धुतलेल्या दिवशी ५०-६० केसांची बट बोटांत धरून हळू ओढायची. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती खरी आहे.

आता मागे जा. केस आजारी पडल्याबरोबर गळत नाही. आधी त्याची वाढ थांबते आणि दोन-तीन महिन्यांनी तो पडतो. म्हणून पावसाळ्यात डेंग्यू किंवा टायफॉइड झाला की दिवाळीच्या सुमारास कंगवा भरायला लागतो आणि आपण बिचाऱ्या शाम्पूला दोष देतो. बाळंतपण, ऑपरेशन, मोठा ताप, कडक उपास यांचंही तसंच. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप थांबते. बाळंतिणीने घाबरून जाऊ नये.

पण ताप नाही, बाळंतपण नाही, तरी केस जातच आहेत, शिवाय दम लागतो, चक्कर येते, पाळीत अंगावर फार जातं, तर रक्त तपासा. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, तर थायरॉइडची तपासणी मागा. पाळी चुकते आणि हनुवटीवर केस येतात, तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

भांग हळूहळू रुंद होत असेल तर वाट बघू नका. अशा गळतीत उपचार जेवढा लवकर तेवढे केस टिकतात. घट्ट अंबाडा रोज बांधला की कपाळाकडचे केस मागे सरतात. तो आधी सैल करा.

चाई पडली, म्हणजे गोल गुळगुळीत चट्टा पडला, तर दवाखान्यात दाखवा. मुलाच्या डोक्यात खवडे, कोंड्यासारखे पापुद्रे आणि तुटके केस दिसले तर ती बुरशी असते. तिला पोटातून गोळ्या लागतात. मेडिकलमधून आणलेल्या मलमाने भागत नाही. त्या मुलाचा कंगवा, टोपी वेगळी ठेवा. डोक्याची आग होते, पू येतो किंवा कातडी चकचकीत होऊन तिथे केसांची छिद्रंच दिसत नाहीत, तर त्याच आठवड्यात जा. तिथली मुळं एकदा मेली की केस परत येत नाहीत.

आणि एकाच गावात अनेकांचे केस जायला लागले तर? बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत डिसेंबर २०२४ - जानेवारी २०२५ मध्ये तेच झालं. आधी डोकं खाजायचं, मग काही दिवसांत टक्कल. सुरुवातीला पाण्यावर संशय गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. असं दिसलं तर आशाताईला लगेच कळवा, घरातलं धान्य-पाणी थोडं बाजूला ठेवा. तपासणीला तेच लागतं.

आता तेल. तेलाने केस मऊ राहतात, पण रक्त कमी असेल तर ते भरून निघत नाही. कांद्याच्या रसाचंही तसंच. आपल्याकडे कांद्याला तोटा नाही, पण तो टाळूला झोंबतो आणि पुरळ येतं. महागड्या बाटलीसाठी गटातून उचल घेण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथून गरज पडली तर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. जाताना गळती कधी सुरू झाली, त्याआधी कोणता आजार झाला, कोणत्या गोळ्या चालू आहेत हे कागदावर लिहून न्या. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल तर ते आधी सांगा, कारण केस वाढवायची मिनॉक्सिडिलसारखी औषधं तेव्हा चालत नाहीत.