मनावरील ताण आणि शरीरप्रकृती

शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट व साष्टी यांच्या हद्दीवरील गावाला हे नाव पडले आणि तेथे खाडीच्या आश्रयाने कोळ्यांची वस्ती झाली. तोच शीव कोळीवाडा. मुंबईच्या खाड्यांत बोय, निवटी, कोलंबी, चिंबोरी मिळत. भरती-ओहोटी पाहून पुरुषांनी जाळे टाकावे व स्त्रियांनी मासळी बाजारात न्यावी, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. पुढे भराव पडत गेले, खाडीत शहराचे सांडपाणी मिसळले आणि कोळीवाड्याभोवती पाण्याऐवजी इमारती उभ्या राहिल्या. जवळच्या रेल्वे स्थानकाचे ‘कोळीवाडा’ हे नावही बदलले. २०१२ साली येथे घरे पाडण्यावरून मोठा संघर्ष झाला.

शेतीविषयक पत्रिकेत कोळीवाड्याचे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटेल. ते असे की, दुबार पेरणी वाया गेलेला शेतकरी आणि खाडी हरपलेला कोळी यांच्या मनावरचा भार एकाच जातीचा असतो. वादळाचे भय वादळासरशी ओसरते. परंतु धंदा टिकेल काय, घर राहील काय, कर्ज फिटेल काय, ही टांगती काळजी महिनोन्‌महिने चालते. आणि शरीर पोखरते ती हीच.

मनाचा शरीराशी काय संबंध, हे शेतकऱ्यास गोठ्यातच पाहावयास मिळते. धार काढताना म्हैस बुजली तर ती पान्हा सोडत नाही. भयाच्या क्षणी मूत्रपिंडांवर असणाऱ्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनॅलीन हा द्रव रक्तात उतरतो व पान्हा सुटण्याची क्रिया अडते. मनुष्याचेही तसेच आहे. साप दिसताच छाती धडधडते, रक्तात साखर वाढते, स्नायूंना रक्त अधिक मिळते व पचन मंदावते. पळण्यास किंवा लढण्यास ही तयारी उपयोगी पडते. मात्र सावकाराचा तगादा हा साप नव्हे. त्याच्यापासून पळता येत नाही आणि तो रोज येतो. मग त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे दुसरे द्रव्य दीर्घकाळ अधिक प्रमाणात स्रवत राहते. झोप उडते, रक्तदाब चढतो, मधुमेह असल्यास तो आटोक्यात राहत नाही आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती कमी होते.

१९३६ साली हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने उंदरांना थंडी, अतिश्रम अशा निरनिराळ्या प्रकारांनी त्रास दिला. त्रास कोणताही असो, अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्याच आढळल्या. माणसांविषयीचा एक प्रयोग अधिक बोलका आहे. १९९५ साली अमेरिकेत, स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर एक लहानशी जखम करून ती भरण्यास किती दिवस लागतात हे मोजले गेले. तशी काळजी नसलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांना सुमारे ९ दिवस अधिक लागले. विळा लागलेला हात लवकर बरा होत नसेल, तर मलमाबरोबर घरच्या परिस्थितीचीही विचारपूस करणे अस्थानी ठरू नये.

अर्थात प्रत्येक दुखणे काळजीच्या माथी मारू नये. पोटातील अल्सर काळजीनेच होतो, असे डॉक्टरही दीर्घकाळ मानीत. १९८२ साली मार्शल व वॉरन यांनी त्यामागील जंतू शोधून काढला व २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून तपासणी आधी, तर्क नंतर.

ताणाचे मनावरील परिणाम उशिरा ओळखू येतात, कारण आपल्याकडे मनुष्य ‘मन खचले’ असे म्हणत नाही; ‘डोके जड आहे, अंग मोडून आले आहे, जेवण जात नाही’ असे म्हणतो. चिडचिड, पहाटे फार लवकर जाग येणे, चावडीवर येणे बंद होणे, बैलांकडे दुर्लक्ष, दारू किंवा तंबाखू वाढणे या खुणा दोन आठवड्यांहून अधिक काळ दिसल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने आपण होऊन त्या घरी जावे. उपदेश करू नये. प्रथम ऐकून घ्यावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येतो काय, हे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. होकार आल्यास त्या व्यक्तीस एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

घरातील कीटकनाशके कुलपात, शक्यतो घराबाहेर ठेवावीत. अत्यंत विषारी कीटकनाशकांवर श्रीलंकेत १९९५ पासून बंदी आल्यावर तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील दशकात सुमारे निम्म्यावर आले. निराशेची तीव्र घटका बहुधा टळते. त्या घटकेत विष हाताशी नसावे.

शीव कोळीवाड्याच्या रहिवाशास लोकमान्य टिळक रुग्णालयातील मानसोपचार विभाग जवळ आहे. खेड्यात तशी सोय नाही, ही खरी अडचण होय. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला व आशा कार्यकर्त्यांकडून घरोघरी खचलेल्या शेतकऱ्यांचा शोध सुरू झाला. २०२२ पासून ‘टेलिमानस’ या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लिहावा. कीटकनाशकांच्या दुकानातही तो लावता येईल. पीकविमा, कर्जाचे पुनर्गठन अशा कामांचे कागद भरण्यास कार्यकर्त्याने त्याच भेटीत हातभार लावावा, कारण काळजीचे मूळ पुष्कळदा तेथेच असते.