क्रियापद + कण = ?

एक सोपे गणित घ्या. एक मोटार ताशी ४० किलोमीटर वेगाने निघाली. एका तासाने त्याच ठिकाणाहून, त्याच रस्त्याने दुसरी मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने निघाली. दुसरी मोटार पहिलीला किती वेळाने गाठेल? दुसरी निघते तेव्हा पहिली ४० किलोमीटर पुढे असते. हे अंतर दर तासाला २० किलोमीटरने कमी होते. म्हणून उत्तर २ तास.

आता हेच गणित इंग्रजी पुस्तकात आले, तर शेवटचा प्रश्न बहुधा असा असेल : 'व्हेन विल द सेकंड कार कॅच अप विथ द फर्स्ट?' 'कॅच' म्हणजे पकडणे, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे सोबत. तिन्ही शब्द लहानपणापासून ओळखीचे. पण पकडणे, वर आणि सोबत यांच्या बेरजेतून 'गाठणे' हा अर्थ कसा निघावा? येथेच घोडे पेंड खाते. गणित येत असूनही उत्तर चुकते.

मराठी माध्यमातून शिकून अकरावीच्या विज्ञान शाखेत येणारे विद्यार्थी मोठ्या पारिभाषिक शब्दांना भितात. खरे तर 'रिफ्रॅक्शन'सारखा शब्द एकदा शिकला की काम झाले. त्याचा अर्थ ठरलेला असतो. दगा देतात ते 'पुट', 'टेक', 'अप', 'आउट' यांसारखे चिमुकले शब्द. क्रियापद आणि असा लहान शब्द मिळून जे नवे क्रियापद होते, त्याला इंग्रजीत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आपण त्याला जोडक्रियापद म्हणू. मागच्या लहान शब्दाला इंग्रजी व्याकरणात 'पार्टिकल', म्हणजे चक्क 'कण' असे नाव आहे. तेच आपण वापरू.

मिश्रण की संयुग?

मीठ आणि वाळू एकत्र केली तर मीठ खारटच राहते आणि वाळू वाळूच राहते. हे झाले मिश्रण. हायड्रोजन हा जळणारा वायू, ऑक्सिजन हा जळण्यास मदत करणारा वायू. पण दोघांच्या संयोगातून होणारे पाणी आग विझवते! हे झाले संयुग. घटकांचे गुणधर्म संयुगात शोधू नयेत, हे तुम्ही शिकला आहात. आता गंमत पाहा. आग विझवणे याला इंग्रजीत म्हणतात 'पुट आउट'. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'आउट' म्हणजे बाहेर. दोन्ही मिळून मात्र विझवणे. हे जोडक्रियापद म्हणजे भाषेतले संयुगच होय.

सगळीच जोडक्रियापदे अशी नसतात. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ श्रीहरिकोट्याहून निघाले, तेव्हा रॉकेट 'लिफ्टेड ऑफ'. २३ ऑगस्टला चंद्राजवळ येताना 'विक्रम' 'स्लोड डाउन' आणि मग 'टच्ड डाउन'. त्यातून 'प्रज्ञान' ही गाडी 'रोल्ड आउट'. उपकरणांनी प्रयोग 'कॅरीड आउट'. यांतले 'टच डाउन' आणि 'रोल आउट' ही जवळजवळ मिश्रणेच. खाली टेकणे आणि घरंगळत बाहेर येणे हे अर्थ सरळ दिसतात. 'स्लो डाउन'मध्ये खाली जाण्याचा नव्हे, तर वेग उतरण्याचा अर्थ आहे. 'कॅरी आउट' मात्र पक्के संयुग. काही वाहून बाहेर नेलेले नाही. प्रयोग पार पाडले, एवढेच.

आपल्याच घरातली उदाहरणे

ही इंग्रजीची विक्षिप्त खोड आहे असे समजू नका. 'उल्का वातावरणात जळून जाते' या वाक्यात 'जाते' म्हणजे कोठे जाते? कोठेच नाही. 'कागद फाडून टाकला' यात टाकण्याची क्रिया असेलच असे नाही. 'जाणे' आणि 'टाकणे' येथे क्रिया पुरती झाल्याचे सांगतात. इंग्रजीत उल्केचे हेच काम 'बर्न अप' करते. उल्का पडते खाली, पण शब्द 'अप'! हा 'अप' दिशा दाखवत नाही. तो आपल्या 'जळून जाणे'मधल्या 'जाणे'सारखा आहे.

संस्कृतकडे पाहा. एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार आणि संहार हे शब्द झाले. उपसर्ग बदलला की अन्नाचे फिरणे होते, फिरण्याचा घाव होतो आणि घावाचा नाश. इंग्रजीतला कण हेच काम मागे उभा राहून करतो. शिवाय वैदिक संस्कृतात उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहू शकत असे. इंग्रजी कणही तसाच सुटा राहतो.

कणांचे गुणधर्म

कणाचा अर्थ नेहमी ओळखता येतो असे नाही. पण त्याचे काही ठळक कल लक्षात ठेवले तर अंदाज बांधता येतो.

'अप' : वर जाणे, वाढणे किंवा पुरते होणे. 'हीट अप' म्हणजे तापणे, 'स्पीड अप' म्हणजे वेग वाढणे, 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे.

'डाउन' : खाली येणे, कमी होणे किंवा मोडणे. 'कूल डाउन' म्हणजे निवणे, 'ब्रेक डाउन' म्हणजे विघटन होणे किंवा बंद पडणे.

'आउट' : बाहेर येणे, विझणे किंवा उलगडणे. 'फिल्टर आउट' म्हणजे गाळून काढणे, 'गो आउट' म्हणजे दिवा विझणे, 'वर्क आउट' म्हणजे हिशेब करून काढणे.

'ऑफ' : सुटणे किंवा तुटणे. 'गिव्ह ऑफ' म्हणजे वायू, उष्णता किंवा वास बाहेर टाकणे, 'स्विच ऑफ' म्हणजे बंद करणे.

तिसरा शब्द कशासाठी?

आता 'कॅच अप विथ' पुन्हा पाहू. 'कॅच अप' म्हणजे मागून येऊन बरोबरी साधणे. कोणाशी? ते 'विथ' सांगतो. म्हणजे तिसरा शब्द पुष्कळदा आपल्या विभक्तिप्रत्ययाचे काम करतो. 'रन आउट' म्हणजे संपणे. 'रन आउट ऑफ फ्युएल' म्हणजे जवळचे इंधन संपणे. 'कीप अप विथ' म्हणजे कोणाच्या बरोबरीने टिकून राहणे. 'पुट अप विथ', म्हणजे सोसणे, असे फोडता येत नाही. ते अखंड पाठ करावे.

शब्दांच्या क्रमाचाही एक नियम आहे. 'स्विच ऑन द लॅम्प' आणि 'स्विच द लॅम्प ऑन' ही दोन्ही वाक्ये चालतात. पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते : 'स्विच इट ऑन'. 'स्विच ऑन इट' हे चूक. उलट 'लुक आफ्टर', म्हणजे काळजी घेणे, यासारखी काही जोडक्रियापदे फुटतच नाहीत. तेथे 'लुक आफ्टर इट' असेच म्हणावे लागते. कोणते फुटते आणि कोणते नाही, हे शब्दकोशातील उदाहरणांवरून कळते.

प्रयोगशाळेतला फरक

समजा, सूचना अशी आहे : द्रावण ५० मिलिलिटर घ्या आणि पाणी घालून 'मेक अप टू' २५० मिलिलिटर. 'मेक अप टू' म्हणजे एकूण आकारमान तेवढे होईपर्यंत भर घालणे. म्हणजे पाणी २०० मिलिलिटर पुरे, आणि द्रावण पाचपट विरल होते. ज्याने २५० मिलिलिटर पाणी ओतले, त्याचे एकूण ३०० मिलिलिटर झाले आणि द्रावण सहापट विरल झाले. त्याची संहती अपेक्षेपेक्षा सुमारे १७ टक्के कमी. पुढची सगळी वाचने चुकणार, आणि दोष मात्र बिचाऱ्या ब्युरेटला!

दोन भाषांचा वारसा

इंग्रजी मुळात जर्मन भाषेच्या कुळातली. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर तिच्यात फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. विद्वानांनी लॅटिनमधून आणखी घेतले. म्हणून एकाच अर्थाचे घरगुती आणि पंडिती असे दोन शब्द पुष्कळदा सापडतात. 'गिव्ह ऑफ' आणि 'एमिट', 'टेक इन' आणि 'ॲब्सॉर्ब', 'ब्रेक डाउन' आणि 'डीकंपोज', 'पुट आउट' आणि 'एक्स्टिंग्विश'. आपल्याकडे 'बाहेर टाकणे' आणि 'उत्सर्जन करणे' अशी जोडी आहे, तशीच ही. आपल्याला पंडिती शब्द बहुधा आधी माहीत होतो, म्हणून त्याच्याच शेजारी घरगुती शब्द लिहून ठेवावा. १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सन यांनीही ही रचना परक्या माणसाला फार अवघड जाते, असे नोंदले आहे. तेव्हा अडखळणारे आपण पहिले नाही.

अभ्यास कसा करावा?

एक वही घाला आणि तिची पाने कणांप्रमाणे वाटा. पुस्तकात जोडक्रियापद दिसले की सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य उतरवा. शब्दकोशात ते मुख्य क्रियापदाच्या नोंदीत, बहुधा शेवटी सापडते. अर्थ हाताने झाकून दुसऱ्या दिवशी आठवून पाहा, आणि आठवड्याने पुन्हा. रोज दोन शिकलात तरी महिन्यात साठ होतील.

स्वाध्याय

पुढील वाक्यांचा अर्थ सांगा.
१. द टू फोर्सेस कॅन्सल आउट.
२. द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.
३. द आइस टर्न्ड इंटू वॉटर.
४. वुई मस्ट कट डाउन ऑन प्लॅस्टिक.

उत्तरे : १. दोन्ही बले परस्परांना निष्प्रभ करतात. २. पाच वाजता गजर झाला. (दिव्याच्या बाबतीत हेच 'वेंट ऑफ' म्हणजे बंद झाला!) ३. बर्फाचे पाणी झाले. ४. आपण प्लॅस्टिकचा वापर कमी केला पाहिजे.