प्रेम की मालकी? : 'झुंजारराव'च्या निमित्ताने

रहस्यकथेत खून कोणी केला हे शेवटी कळते. मनोव्यापारांवर आधारलेल्या थरारकथेत मात्र खुनी आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. तो त्या टोकाला कसा जातो हे पाहताना आपला जीव टांगणीला लागतो. शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' अशा कथांचा पूर्वज म्हणता येईल. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली ते 'झुंजारराव' या नावाने मराठीत आणले.

मूळ नाटकातील डेस्डेमोना, म्हणजे देवलांची कमळजा, स्वतःच्या मनाने लग्न करते. बाप लगेच 'चोरी झाली' अशी तक्रार घेऊन धावतो. मुलगी जणू दागिना! पुढे नवराही तिच्याविषयी 'वस्तू' असाच शब्द वापरतो. आपण सगळा दोष इयागोच्या कपटावर टाकतो, पण मला ते पटत नाही. ठिणगी त्याची, कडबा आधीच रचलेला होता.

ऑथेल्लो बायकोला रुमाल मागतो, पण मनातला संशय सांगत नाही. सेविका तिच्या निर्दोषपणाची ग्वाही देते, ती त्याला खोटी वाटते. शेवटच्या रात्री ती म्हणते, कॅसिओला बोलावून विचारा. तर त्याचे तोंड कायमचे बंद करण्याची व्यवस्था आधीच झालेली! ही गोष्ट मी घरी आजीला सांगितली. ती म्हणाली, "इचारलं तर व्हतं की, पण ऐकायचं कुठं व्हतं त्याला?" शाळेची पायरी न चढलेल्या आजीचे हे वाक्य मला टीकाग्रंथाच्या तोडीचे वाटते.

१९५५ साली टॉड आणि ड्यूहर्स्ट या मानसोपचारतज्ज्ञांनी जोडीदाराविषयीच्या अशा निराधार संशयाला ऑथेल्लोचेच नाव दिले. नाव मिळाले म्हणून खून माफ होत नाही.

देवलांनीच 'संगीत संशयकल्लोळ'मध्ये (१९१६) याच संशयावर आपल्याला हसवले. तेथे रुमालाऐवजी तसबीर आहे. पण फाल्गुनरावाची कृत्तिका गप्प बसत नाही. तीही उलट संशय घेते, कडाकडा भांडते. अखेर सगळी पात्रे समोरासमोर येतात आणि गुंता सुटतो.

आज तसबिरीच्या जागी मोबाईल आला आहे. हिंगोलीच्या बसस्थानकावर "फोन दाखव" म्हणणारा मुलगा आणि निमूटपणे पासवर्ड सांगणारी मुलगी मी पाहिली आहे. शेजारच्या मैत्रिणी तिला नशीबवान म्हणत होत्या.