फोटोत न दिसलेला पाहुणा

जर्मनीतल्या कोबुर्गमध्ये एप्रिल १८९४ मध्ये काढलेला एक फॅमिली फोटो मी अनेकदा बघतो. पुढे राणी व्हिक्टोरिया, शेजारी नातू कैसर विल्हेल्म. मागे नात अ‍ॅलिक्स आणि रशियाचा युवराज निकोलस. जमले होते अ‍ॅलिक्सच्या भावाच्या लग्नाला; दुसऱ्याच दिवशी या दोघांचंही ठरलं. (भावाचं लग्न १९०१ मध्ये मोडलं, ते सोडा!)

फोटोत न दिसणारा पाहुणा म्हणजे हिमोफिलिया. यात रक्त नीट गोठत नाही. दोष एक्स गुणसूत्रावर. मुलाकडे एक्स एकच, म्हणून आजार बहुधा त्याला होतो. आई नुसती वाहक. हे आईकडून येतं, असं १८०३ मध्येच एका अमेरिकन डॉक्टरनं लिहून ठेवलं होतं. अ‍ॅलिक्सचा दुसरा एक भाऊ १८७३ मध्ये, मामा लिओपोल्ड १८८४ मध्ये पडल्याचं निमित्त होऊन गेला. एवढं घरात घडूनही कुणी थांबवलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

१९०४ मध्ये अलेक्सेई जन्मला, तोही तसाच. आजार लपवला गेला आणि रास्पुतिन राजवाड्यात शिरला. १९१४ मध्ये विल्हेल्म आणि निकोलस एकमेकांविरुद्ध लढले. जुलै १९१८ मध्ये निकोलस, अ‍ॅलिक्स आणि पाचही मुलं गोळ्यांना बळी पडली. नेमका प्रकार, हिमोफिलिया बी, हाडांतल्या डीएनएवरून २००९ मध्ये कळला.