जुने लॅपटॉप भंगारात देण्यापूर्वी

प्रश्न : आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. बारा जुने लॅपटॉप काढायचेत, भाड्याचं झेरॉक्स मशीनही परत जाणार आहे. डिस्क फॉरमॅट केल्यात. भंगारवाल्याला देऊ का?

उत्तर : एवढ्यात नको. झटपट फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची नुसती अनुक्रमणिका फाडणं. पानं जागच्या जागी असतात. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर ती सॉफ्टवेअरने एकदा पूर्ण पुसून घ्या. एसएसडीची गोष्ट वेगळी. ती लिखाण स्वतःच वेगवेगळ्या कप्प्यांत फिरवत राहते, त्यामुळे वरून पुसलं तरी काही कप्पे सुटतात. तिच्यासाठी उत्पादकाची ‘सिक्युअर इरेज’ सोय वापरा, नाहीतर चिप्सचा चुरा करवून घ्या. ड्रिलने एक भोक पाडून काम होत नाही. चिप शेजारी शाबूत राहते.

खरी भीती मला त्या झेरॉक्स मशीनची वाटते. ऑफिसच्या अनेक मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि अशिलांच्या पॅन-आधारच्या प्रती तिच्यात राहू शकतात. मशीन जाण्याआधी ती पुसून घ्या, तसं लेखी मागा.

लॅपटॉप मात्र ई-कचरा नियम, २०२२ प्रमाणे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेल्या रिसायकलरलाच द्या. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, वेगळी ठेवा. आणि नष्ट केल्याच्या प्रमाणपत्रावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर नसेल, तर ते स्वीकारू नका.